अकरा बेचाळीसची सफाई

१

डोळ्यांच्या हॉस्पिटलातले नऊ वर्षांचे फोटो मंगळवारी नाहीसे झाले. गुरुवारी सकाळी दहा वाजता तपासनीस बाई कार्यालयाचे तीन जिने चढून आल्या, तेव्हा गुन्हेगार ठरलेला होता, पत्र टाइप झालेले होते आणि साहेबांनी चहासुद्धा सांगून ठेवला होता. इतकी तयारी दिसली की बाईंच्या कपाळाला आठी पडायची. सव्वीस वर्षे दुसऱ्यांची कामे तपासण्यात गेली होती. कोणी आयते उत्तर हातात ठेवले, की त्या आधी ठेवणाऱ्याचा चेहरा बघत.

"तुमची फक्त सही हवी," साहेब म्हणाले. "पाच वाजता हॉस्पिटलला कळवायचंय, कुणी केलं ते."

बाईंनी पत्र वाचले. संबंधित कर्मचारी स्त्रीने तालीम न घेता, बेफिकिरीने फोटो पुसले. तिला आजपासून कमी करण्यात येत आहे. तिला यापुढे कोणत्याही हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरला हात लावू देऊ नये, अशी शिफारस. तळाशी तारीख होती मंगळवारची.

"फोटो गेले मंगळवारी, चौकशी गुरुवारी, आणि निकाल परत मंगळवारीच?"

"ते टाइप करताना झालं असेल." साहेबांना एकदम चहा आठवला.

हे कार्यालय अकरा हॉस्पिटलांचे कॉम्प्युटर सांभाळत असे. दोनशे कॉम्प्युटरांपाशी जाऊन तेच काम दोनशे वेळा करण्यापेक्षा, हे लोक एका प्रोग्रामला हुकूम सोडत आणि तो सगळ्यांकडून काम करवून घेई. कार्यालयात त्याला मुकादम म्हणत. मुकादमाला नेहमीची कामे येत होती. जी येत नसत, त्यांच्यासाठी मॉड्यूल लिहावे लागे, म्हणजे एकेका कामाची शिकवणी. 'सफाई' हे त्यातलेच एक मॉड्यूल. हॉस्पिटलच्या नियमाप्रमाणे दहा वर्षांहून जुने फोटो दर महिन्याला काढून टाकायचे, एवढेच त्याचे काम.

मंगळवारी त्याने एकच वर्ष ठेवले आणि बाकी सगळे नेले. दुसऱ्या गावी ठेवलेल्या प्रतीवरून फोटो परत येणार होते, पण त्याला चार दिवस लागणार होते. मागचे फोटो शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय डॉक्टर डोळ्याला सुरी लावत नाहीत. साठ रोगी घरी परत पाठवले गेले होते.

"हा बघा पुरावा." साहेबांनी लॉग उघडला.

लॉग म्हणजे मुकादमाची हजेरी. वेळ, हुकूम कुणाचा, मॉड्यूल कोणते आणि त्याचे उत्तर. उत्तरे दोनच. मॉड्यूलने आधी पाहायचे, करण्यासारखे काही असेल तर करायचे आणि 'बदललं' म्हणायचे. सगळे आधीच जागच्या जागी असेल, तर कशाला हात न लावता 'बदल नाही' म्हणायचे.

"आणि तालीम?" बाईंनी विचारले.

"आधी मुकादमाला म्हणायचं, नुसतं सांग, करू नकोस. मग तो काय काय करेन ते दाखवतो. ते बघून खरं काम सोडायचं. लॉगमध्ये तालीम वेगळी उमटत नाही, पण आमच्या या बाई काहीही दोनदाच करतात. सगळे तिला 'दोनदा' याच नावानं हाक मारतात. हे मागचे महिने बघा, प्रत्येक वेळी दोन ओळी." साहेबांचे बोट पडद्यावरून खाली सरकले. दर महिन्याला सफाईच्या दोन ओळी होत्या, पाच-सात मिनिटांच्या अंतराने. पहिली 'बदललं', दुसरी 'बदल नाही'. "कसं शिस्तीत! आणि मंगळवार बघा. अकरा बेचाळीस. एकच ओळ, 'बदललं'. तालमीला फाटा दिला आणि थेट काम सोडलं."

बाईंनी त्या ओळी वरून खाली पुन्हा वाचल्या. मग त्यांनी पत्र घडी घालून पर्समध्ये टाकले.

"सही?"

"पाच वाजायला अजून सात तास आहेत," बाई म्हणाल्या. "त्या दोनदाला बोलवा. आणि तुम्ही बाहेर बसा."

२

दोनदा चौतिशीची होती. काचेच्या खोलीत ती खुर्चीच्या कडेला बसली आणि जाडजूड वही मांडीवर धरून राहिली. बाईंनी हात पुढे केला तेव्हा तिने नाइलाजाने ती दिली.

वहीत प्रत्येक कामाला एक ओळ होती आणि ओळीपुढे दोन खुणा. पहिली निळी, तालमीची. दुसरी हिरवी, कामाची. सोमवारचे पान होते, बुधवारचे होते. मधल्या पानाच्या जागी शिवणीत कागदाचा दातेरी काठ उरला होता.

"मंगळवारचं पान?"

"फाटलं."

"वही जुनी होऊन फाटते. हे फाडलंय."

दोनदाने वही परत घ्यायला हात पुढे केला. बाईंनी ती टेबलावर आपल्यासमोर ठेवली.

"मंगळवारी एक वाजून बारा मिनिटांनी हॉस्पिटलचा फोन आला. तेव्हा तुम्ही साहेबांना म्हणालात, 'मी तर फक्त तालीम घेतली.' साहेबांनीच सांगितलं मला. दोन वाजता त्यांनी परत विचारलं, तेव्हापासून तुमच्या तोंडाला कुलूप. आता ते वाक्य मला म्हणा."

"मला काही म्हणायचं नाही."

"नोकरी जाईल. नुसती ही नाही, पुढचीही."

"माहितेय."

खोटे बोलणारी माणसे बाईंनी पुष्कळ पाहिली होती. ती भरभरून बोलतात. ही बाई तर स्वतःची बाजू घट्ट मुठीत धरून बसली होती. ही कुणाला तरी घाबरतेय किंवा कुणाला तरी सांभाळतेय, असे बाईंना वाटले, आणि दोन्हींपैकी काहीही असले तरी त्यांना ते आवडले नाही.

मग त्यांनी आपला ठेवणीतला प्रश्न काढला. माणूस करायचे ते जपून करतो, पण नंतरच्या दहा मिनिटांत बेसावध असतो, असा त्यांचा अनुभव होता. "अकरा बेचाळीसनंतर दहा मिनिटं काय केलंत?"

"हॉस्पिटलला फोन—" दोनदाने जीभ चावली. "डबा खाल्ला."

बाईंनी तिच्यादेखतच हॉस्पिटलचा नंबर फिरवला. रेकॉर्ड विभागातल्या कारकून बाईंना तो फोन चांगला आठवत होता. "हो, पावणेबाराला आला होता. म्हणाल्या, यादी भलतीच लांब येतेय, एकाच वर्षाचे फोटो ठेवायचे असं तुम्ही सांगितलंय का? मी म्हटलं, विचारून सांगते. तर म्हणाल्या, तुमचं येईपर्यंत मी हात लावत नाही."

बाईंनी फोन ठेवला. तोपर्यंत फोटो जाऊन तीन मिनिटे झाली होती.

"फोटो पुसून झाल्यावर कुणी 'हात लावत नाही' म्हणतं का? तुम्ही खरं बोलत होतात. मग आता कुणासाठी खरं गिळताय?"

दोनदाने वर पाहिले. तिचे डोळे भरले होते. "मॅडम, सही करून टाका ना. उद्याचा दिवस गेला की सगळं निवेल."

"उद्या काय आहे?"

दोनदाने वही उचलली आणि ती निघून गेली.

३

उद्या मॉड्यूल लिहिणाऱ्या मास्तरांचा निवृत्तीचा निरोप समारंभ होता. हे बाईंना दारावर चिकटवलेल्या कागदावरून कळले, आणि त्याखाली कुणीतरी पेनने लिहिलेल्या ओळीवरून हेही कळले की मास्तर हे दोनदाचे सासरे.

त्यांचा कोपरा म्हणजे एक छोटी शाळाच होती. पन्नाशीपर्यंत गणित शिकवले, मग शाळा सोडून हे कॉम्प्युटरचे काम शिकले आणि तेवीस मॉड्यूल लिहिली. प्रत्येक मॉड्यूल छापून, शिवून, तपकिरी कव्हर घालून फळीवर उभे होते. शेजारी दोरीला बांधलेले रजिस्टर. कुणी, कोणते, किती वाजता नेले आणि कधी परत केले, सगळे सहीनिशी.

"कॉम्प्युटरवर असतंच की हे सगळं," बाई म्हणाल्या.

"पडद्यावर माणूस बघतो. कागदावर वाचतो," मास्तर म्हणाले. आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "विचारा. सतरावं, 'सफाई'. माझंच आहे."

"दोष कुणाचा?"

"मॉड्यूल माझं, हात तिचा. आधी तालीम, मग काम. हे मी तिला शिकवलं, तिनंच ते मोडलं. सून घरात. इथं ती माझी विद्यार्थिनी. विद्यार्थी चुकला की चुकला."

"घरी बोलणं झालं यावर?"

मास्तरांचा आवाज जरा खाली आला. "परवापासून घरात सगळे मूग गिळून बसलेत. मीठ हवं असलं तर मी नातीला सांगतो, आईला म्हणावं मीठ दे. मुलगा जेवण झालं की उठून जातो." ते थांबले. "तिनं नुसतं 'चुकले' म्हणावं हो. लपवू नये. पान फाडलंन वहीचं! मी शिकवलेल्या मुलीनं पान फाडावं?"

हे मात्र त्यांना मनापासून लागले होते. बाईंना तेही संशयास्पद वाटले. इतक्या प्रामाणिक दुःखामागे कधीकधी फार मोठे लबाड बसलेले असतात.

"तुमच्या मॉड्यूलमध्ये काही राहिलं असेल असं नाही का वाटत?"

"चौदा महिने चालतंय. अकरा हॉस्पिटलांत. एक तक्रार दाखवा."

बाईंनी सतरावे पुस्तक मागितले. "रजिस्टरमध्ये सही करा," मास्तर म्हणाले. तपासनीस असली तरी नियम तो नियम. बाई सही करायला वाकल्या आणि वरच्याच ओळीवर त्यांची नजर अडकली.

सतरावे. मंगळवार. नेले एक वीस, परत एक पंचावन्न. सही दोनदाची.

एक बाराला बोलणारी बाई दोनला मुकी झाली होती. मधला वेळ तिने या पुस्तकापाशी काढला होता.

४

पुस्तक काखेत मारून बाई दुसऱ्या धाग्याकडे वळल्या. दहाचा आकडा एक कसा झाला? किती वर्षांचे ठेवायचे हे एका वेगळ्या फायलीत लिहिलेले असे. त्या फायलीला मंगळवारी दहा पन्नासला हात लागला होता, आणि तो साहेबांच्या नावाने होता.

"दहा पन्नासला मी मीटिंगमध्ये होतो," साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते. "दहा जण सांगतील."

"मग तुमचा पासवर्ड एकटाच फिरायला गेला होता?"

साहेबांनी रुमाल काढला. खोलीच्या काचेपलीकडे एक जण मान खाली घालून टाइप करत होता. तीन आठवड्यांपूर्वी रुजू झालेला, सगळे त्याला नवे म्हणत. बाईंनी पाहिले, गेली पाच मिनिटे त्याची बोटे हलत होती, पण पडद्यावर एक अक्षर उमटत नव्हते.

नवे आत आले आणि खुर्ची ओढायच्या आधीच बोलू लागले. "मी मुद्दाम नाही केलं, मॅडम. माझा पासवर्ड अजून आला नव्हता, साहेबांनी त्यांचा दिला. दुसऱ्या हॉस्पिटलचा आकडा दुरुस्त करताना याचा शून्य उडाला. मला कळलंच नाही. दुपारी कळलं तेव्हा पाचावर धारण बसली."

"आणि साहेबांनी सांगितलं, गप्प बस."

नव्यांनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी खिडकीकडे.

"म्हणून पत्रावर मंगळवारची तारीख," बाई म्हणाल्या. "चौकशी झाली तर पासवर्ड वाटल्याचं बाहेर येईल. त्यापेक्षा एक बाई बळीला दिली की प्रकरण मिटलं."

साहेब एकदम उसळले. "पासवर्ड दिला, चुकलं माझं! पण शून्य उडाला म्हणून फोटो जात नाहीत, मॅडम. माणूस आकड्यात चुकणारच, म्हणून तर तालीम ठेवलीय. तिनं तालीम घेतली असती तर ते तिथंच दिसलं असतं. फोटो पुसले ते अकरा बेचाळीसच्या हुकमानं, आणि तो तिचाच होता."

ते बरोबर बोलत होते, हीच पंचाईत होती. हॉस्पिटलचा फोन खरा धरला तर तिने तालीमच घेतली होती. लॉग खरा धरला तर फोटो त्याच हुकमाने गेले होते. दोन्ही खरे असायला एकच वाट उरत होती, आणि ती वाट बाईंना अजिबात बघवेना.

त्या नव्यांकडे वळल्या. "मला नीट समजावून सांगा. तालीम घेतली. तो म्हणाला, 'बदललं', म्हणजे बदलेन. मग लगेच खरं काम सोडलं. आता उत्तर काय येईल?"

"'बदललं'च येणार ना. तालमीत कशाला हात लागलेला नसतो, काम अजून शिल्लकच असतं."

"आणि 'बदल नाही' कधी येईल?"

"काम आधीच कुणी करून ठेवलं असेल तर—" नवे बोलता बोलता थांबले. त्यांनी लॉग स्वतःकडे ओढला. चौदा महिन्यांच्या ओळी. बदललं, बदल नाही. बदललं, बदल नाही.

"बाप रे," ते हळूच म्हणाले.

"आता कुणाशी बोलू नका," बाई म्हणाल्या. "चार वाजता सगळ्यांना सरावाच्या कॉम्प्युटरपाशी बोलवा. मास्तरांनाही."

५

चार वाजता त्या लहानशा खोलीत पाच माणसे होती. दोनदा दाराशी उभी राहिली. मास्तर खुर्चीत ताठ बसले. सासरा आणि सून एकमेकांकडे बघत नव्हते.

"मास्तर, तालमीत तुमचं मॉड्यूल कशालाही हात लावत नाही?"

"प्रश्नच नाही. पहिल्या पानावर लिहिलंय, तालीम समजते: हो."

"तेवीसच्या तेवीस पुस्तकांत पहिलं पान तेच आहे."

"असणारच. पहिल्या मॉड्यूलवरून प्रत्येक वेळी उतरवून घेतो. घडी बसलेली आहे."

बाईंनी लॉगचे दोन कागद पुढे ठेवले. "हे तुमचं चौथं मॉड्यूल. तालीम 'बदललं', काम 'बदललं'. आणि ही सफाई. तालीम 'बदललं', काम 'बदल नाही'. चौदा महिने. तुम्ही गणिताचे मास्तर. दुसऱ्या वेळी करायला काही उरत का नव्हतं?"

मास्तरांनी कागदाकडे पाहिले, मग चष्मा काढून पुसला. "हॉस्पिटलात कुणी मधेच काढून टाकत असेल. हा नवा घोळ घालत असेल. काहीही असेल. माझ्या लिखाणात खोट नाही. थांबा, दाखवतोच."

त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात उद्याच्या भाषणासाठी आणलेले एक फोल्डर होते, नाव 'पहिली तुकडी'. त्यांच्या पहिल्या वर्गातल्या मुलांनी लिहिलेले निबंध, स्कॅन करून ठेवलेले. मूळ कागद त्यानंतर वाळवीने खाल्ले होते. मास्तरांनी ते फोल्डर उचलून सरावाच्या कॉम्प्युटरवर आणले. पेन ड्राइव्ह रिकामा झाला.

"हलवू नका, कॉपी करा," साहेब म्हणाले.

"कशाला? तालीम आहे." मास्तरांनी आकडा टाकला, एक वर्ष. निबंध दोन वर्षांपूर्वी स्कॅन केलेले होते. त्यांनी तालमीचा हुकूम लिहिला, दोन वेळा वाचला आणि बोट एंटरवर नेले.

"बाबा, नको!"

खोलीत सगळे वळले. कार्यालयात ती त्यांना आजवर एकदाही बाबा म्हणाली नव्हती. दोनदा दार सोडून दोन पावले पुढे आली होती.

"का नको?" मास्तरांनी विचारले.

तिची नजर बाईंच्या हातातल्या सतराव्या पुस्तकाकडे गेली.

"का नको, बोल! तालमीत काय होणार आहे?"

"तिला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "मंगळवारी एक वीसपासून ठाऊक आहे."

मास्तरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी एंटर दाबला.

पडद्यावर उत्तर आले: 'बदललं'. मास्तरांनी फोल्डर जिथे ठेवले होते ती जागा उघडली. तिथे काही नव्हते. त्यांनी ती बंद करून पुन्हा उघडली.

६

बाईंनी सतरावे पुस्तक टेबलावर उघडून ठेवले.

"पहिलं पान उतरवलं, त्यानं मुकादमाला सांगितलं, मला तालीम समजते. ती ओळ नसती तर मुकादमानं तालमीत या मॉड्यूलला वगळलं असतं, काही बिघडलं नसतं. पण 'तालीम चालू असेल तर इथंच थांब' हे वाक्य पहिल्या पानावर नसतं. ते आत, पुसण्याच्या आधी, प्रत्येक वेळी हातानं लिहावं लागतं. बावीस पुस्तकांत ते आहे. या एकात राहिलं. चौदा महिने तुमच्या सुनेची तालीम हेच खरं काम होतं. आकडा बरोबर होता तोवर कुणाला पत्ता लागला नाही, आणि दुसऱ्या ओळीला 'बदल नाही' आलं की सगळे खूश. मंगळवारी साहेबांच्या पासवर्डवरून काम करताना नव्यांच्या हातून आकड्याचा शून्य उडाला, तेव्हा ते उघडं पडलं."

"मीही," दोनदा म्हणाली. "चौदा महिने दोन खुणा केल्या मी. दुसऱ्या वेळी काम का उरत नाही, हे एकदाही मनात आलं नाही. चूक माझीही आहे."

"मंगळवारी तिनं तालीम घेतली, यादी लांब दिसली म्हणून थांबली आणि फोन केला," बाई म्हणाल्या. "फोटो गेल्याचं कळल्यावर खरं तेच बोलली. मग पुस्तक नेऊन वाचलं आणि गप्प बसली. वहीत मंगळवारी एकच खूण होती, निळी. ती दाखवली असती तर ही सुटली असती आणि सगळ्यांची बोटं सतराव्या पुस्तकाकडे गेली असती. म्हणून पान फाडलं. आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, स्वतःच्या बाजूचा पुरावा आरोपीनंच नाहीसा केला."

मास्तर पुस्तकावर वाकले होते. बोट ओळीओळीवरून खाली गेले, एका जागी थांबले आणि तिथेच राहिले. बाईंना त्यांची दया आली, आणि ती त्यांनी लपवली नाही. त्या खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या.

"का गं?" मास्तरांनी मान वर न करता विचारले.

"मुलगी झाल्यावर घरातलं कुणी मला कामावर जाऊ देत नव्हतं," दोनदा म्हणाली. "तुम्ही म्हणालात, मी शिकवतो हिला. सहा महिने रोज सकाळी शिकवलंत. उद्या तुमचा शेवटचा दिवस. मला वाटलं, परवा मी गुपचूप ती ओळ घालीन."

"आणि मी दोन दिवस तुला चोर ठरवून जेवत होतो."

"मीठ कमी होतं, बाबा. म्हणून तुम्ही चिडला होतात."

मास्तर उठले. सव्वाचार झाले होते. पुढची दहा मिनिटे बाईंनी कुणाला काही विचारले नाही, नुसते पाहिले. मास्तरांनी लाल पेन काढले. सतराव्या पुस्तकात, जिथे ओळ नव्हती तिथे, समासात फुली मारली आणि खाली सही केली. मग साहेबांपुढे हात केला. "ते पत्र द्या."

पत्र बाईंच्या पर्समध्ये होते. मास्तरांनी ते घेतले, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले आणि मोठ्याने वाचून दाखवले. सफाई हे मॉड्यूल मी लिहिले. ते तालीम पाळत नव्हते. हुकूम सोडणाऱ्या बाईंनी नियमाप्रमाणे आधी तालीमच घेतली. आकडा चुकला तो दुसऱ्याच्या पासवर्डवरून काम केल्यामुळे. बाकीची बावीस मॉड्यूल तपासून झाल्याखेरीज मी सेवेतून जाणार नाही, समारंभ पुढे ढकलावा.

"पासवर्डचं लिहायलाच हवं का?" साहेब म्हणाले.

"तुम्हीही सही करा खाली," बाई म्हणाल्या. साहेबांनी केली.

नव्यांनी रिकामे फोल्डर पुन्हा उघडून बघितले. "ते निबंध, मास्तर?"

मास्तरांनी हात झटकला. एकतीस वर्षे जपलेली अक्षरे होती ती. "गेले ते गेले. खात्री होती ना मला."

"गेले नाहीत," दोनदा म्हणाली. "ते मी स्कॅन केले होते. दुसरा पेन ड्राइव्ह घरी कपाटात आहे, मुलीच्या फाइलखाली. तेव्हाच मी दोनदा केले होते."

मास्तरांनी डोळे पुसले, खुर्ची कॉम्प्युटरकडे ओढली आणि सतरावे मॉड्यूल उघडले. ओळ त्यांनी लिहिली, तिने मागे उभे राहून वाचली. सरावाच्या कॉम्प्युटरवर एक रद्दी फोल्डर ठेवून तालीम घेतली. 'बदललं.' फोल्डर जागेवर होते. मग खरे काम सोडले. 'बदललं.' आता फोल्डर गेले होते.

"पान कुठाय ते?" मास्तरांनी विचारले.

दोनदाने डब्याच्या पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढून दिला. मास्तरांनी तो टेबलावर हाताने सपाट केला. मंगळवारची ओळ होती. सफाई, डोळ्यांचे हॉस्पिटल. पुढे निळी खूण, आणि हिरवीची जागा रिकामी.

"वहीचं पान फाडायचं नाही, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं," मास्तर म्हणाले. "घरी त्याची शिक्षा वेगळी आहे."

"हो, बाबा."

त्यांनी खणातून डिंकाची बाटली काढली, शिवणीतल्या दातेरी काठाला डिंक लावला आणि पान जिथले होते तिथे जुळवून चिकटवले. ते वाळेपर्यंत वहीवर तळहात दाबून ते बसून राहिले. पाच वाजता बाई पत्र घेऊन निघाल्या, तेव्हाही त्यांचा हात वहीवरच होता.